वीजवाहिन्यांचा भार आणि गावाचा वाटा

विजेच्या तारा शेतावरून जातात आणि वीज मात्र शेतात उतरत नाही, ही तक्रार महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जुनीच आहे. अलीकडे तिला अधिक धार आली असेल तर त्यात नवल नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यानुसार देशातील पारेषण वाहिन्यांचे जाळे ४ लाख ८५ हजार सर्किट किलोमीटरवरून २०३२ पर्यंत ६ लाख ४८ हजार सर्किट किलोमीटरवर न्यावयाचे आहे, आणि २०२२ ते २०३२ या काळात त्यावर सुमारे ९ लाख १५ हजार कोटी रुपये खर्च व्हावयाचे आहेत. एकाच मनोऱ्यावरून दोन सर्किटे जाऊ शकतात हे ध्यानात घेतले, तरी हजारो गावांच्या शिवारात नवे मनोरे उभे राहणार, हे उघड आहे.

या विस्ताराची गरज नाकारता येणार नाही. कोळशाची औष्णिक केंद्रे खाणींजवळ किंवा मोठ्या शहरांच्या आसपास उभारता येत. ऊन आणि वारा यांची निवड माणसाच्या हाती नाही. ते राजस्थानच्या वाळवंटात, कच्छच्या रणात, सातारा-सांगलीच्या पठारांवर आणि धुळे, बीड, धाराशिवच्या माळरानांवर आहेत. विजेची मागणी मात्र मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली येथे आहे. २०३० पर्यंत कोळसा, तेल व वायू वगळून अन्य साधनांपासून ५०० गिगावॉट वीजक्षमता उभारण्याचे जे उद्दिष्ट देशाने स्वीकारले आहे, ते लांब पल्ल्याच्या तारांवाचून पुरे होणे शक्य नाही. तेव्हा तारा हव्यात की नकोत, हा वादाचा विषय नव्हेच. ज्यांच्या शिवारावरून त्या जातात त्यांचा या व्यवहारातील दर्जा काय, हा खरा प्रश्न आहे. भरपाई घेऊन बाजूला होणारा खातेदार एवढाच तो दर्जा राहावा, की राष्ट्राच्या वीजव्यवस्थेतील वाटेकरी म्हणून गावाला स्थान मिळावे?

कायद्याची चौकट

आजची कायदेशीर स्थिती पाहिली तर पहिलेच उत्तर प्रचलित आहे असे दिसते. २००३ च्या वीज कायद्यातील १६४ व्या कलमानुसार वीजवाहिनी टाकणाऱ्या संस्थेला तार खात्याचे अधिकार देता येतात. हे अधिकार मुळात १८८५ सालच्या भारतीय तार कायद्यातले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो जुना कायदा मोडीत काढला. पण वीजवाहिन्यांसाठी लागणारा त्यातील भाग तेवढा राखून ठेवला. या तरतुदींचे वैशिष्ट्य असे, की जमीन संपादन केली जात नाही, सातबाऱ्यावरील नाव बदलत नाही; केवळ वापराचा हक्क घेतला जातो. शक्य तितके कमी नुकसान करावे व झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असे कायदा सांगतो. मालकाने अडथळा केला तर जिल्हा दंडाधिकाऱ्याने परवानगी द्यावी आणि भरपाई अपुरी वाटली तर जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागावी, अशी ही रचना आहे. या अधिकाराखाली वाहिनी टाकताना मालकाच्या पूर्वसंमतीची आवश्यकता नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला.

तारायंत्राच्या खांबासाठी केलेली ही तरतूद होती. खांबाची जागा वीतभर आणि तार डोक्यावरून जाणारी. आजच्या अतिउच्चदाब वाहिनीचे स्वरूप अगदी निराळे आहे. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो. ७६५ किलोव्होल्टसाठी तो ६४ ते ६७ मीटरपर्यंत जातो. म्हणजे दर किलोमीटरमागे अनुक्रमे साडेचार ते पावणेसात हेक्टर जमीन या पट्ट्याखाली येते. त्या जमिनीत ज्वारी-सोयाबीन पेरता येते हे खरे. परंतु आंबा, नारळ, चिंच यांसारखी उंच वाढणारी झाडे ठेवता येत नाहीत, घर वा गोठा बांधता येत नाही, आणि पुढे कधी ती जमीन विकावयाची झाली तर गिऱ्हाईक मागे सरते. तीन-चार एकरांच्या खातेदाराच्या शेतातून असा पट्टा तिरका गेला, तर कागदावर मालकी अबाधित राहूनही त्याची मिळकत अर्धी झालेली असते.

याची जाणीव शासनाला झालीच नाही असे नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये मनोऱ्याखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के भरपाईची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्के करण्यात आले. मार्च २०२५ च्या पुरवणी आदेशाने शहरी भागांतील पट्ट्यासाठी त्याहून अधिक दर सुचवले आणि जमिनीचे मूल्य बाजारभावाने ठरवण्याची पद्धतही घालून दिली. ही निःसंशय प्रगती आहे. तथापि ही तत्त्वे आहेत, कायदा नव्हे. ती स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर आहे. शिवाय दर कितीही वाढवला, तरी तो मोजला जातो सातबाऱ्यावरील नावाला. ज्याच्या नावे जमीन नाही त्याचे नुकसान या हिशेबात येतच नाही. पट्ट्यातील बाग तुटली की बागेत काम करणाऱ्या मजुराचा रोजगार बुडतो, वाटेकऱ्याचे पीक जाते, माळावर सौरपट्टिका पसरल्या की मेंढपाळाचे कुरण आटते. यांपैकी कोणालाही धनादेश मिळत नाही.

मुळशीची आठवण

या प्रश्नाचा महाराष्ट्राला शंभर वर्षांचा अनुभव आहे. मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी खोऱ्यात धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ च्या रामनवमीला तेथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट यांच्या नेतृत्वामुळे तो इतिहासात अजरामर झाला. पण १९२४ पर्यंत तो ओसरला. त्याच्या अपयशाची जी कारणे अभ्यासकांनी दाखवली आहेत, त्यांतील एक विशेष महत्त्वाचे आहे. खोऱ्यातील पुष्कळशी जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. जमीन कसणारा मावळा लढत होता आणि भरपाईचा हक्क मात्र सावकाराचा होता. चांगली रक्कम मिळण्याची चिन्हे दिसताच सावकारांचा विरोध मावळला आणि कसणारा एकटा पडला.

भरपाई ही व्यक्तीला, तीही मालकाला, आणि एकदाच मिळते. प्रकल्पाचा परिणाम मात्र साऱ्या वस्तीवर आणि पिढ्यानपिढ्या होतो. भरपाई न्याय्य असली पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण भरपाई म्हणजे वाटा नव्हे. गेलेली वस्तू भरून देणे निराळे आणि होणाऱ्या लाभात सहभागी करून घेणे निराळे. पहिले न्यायालयाच्या कक्षेत येते, दुसरे धोरणाच्या. आपल्याकडे या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे वाट्याचा प्रश्न कधी स्वतंत्रपणे विचारलाच गेला नाही.

तत्त्व परके नाही

गावाला वाटा द्यावा, ही कल्पना परदेशातून आणलेली आहे असेही म्हणता येत नाही. २००८ च्या केंद्रीय जलविद्युत धोरणाने राज्याला मिळणाऱ्या मोफत विजेव्यतिरिक्त एक टक्का वीज स्थानिक क्षेत्र विकास निधीसाठी राखून ठेवली आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षे दरमहा १०० युनिटे देण्याची तरतूद केली. २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन खाणपट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे रक्कम भरावी, असे बंधन आले. पाणी आणि खनिज यांवर स्थानिक समाजाचा काही हक्क आहे, हे तत्त्व कायद्याने वा धोरणाने मान्य झालेले आहे. ऊन, वारा आणि डोक्यावरून जाणारी तार यांच्याबाबतीतच ते अमान्य का असावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

इतर देशांत या दिशेने बरेच प्रयोग झाले आहेत. जर्मनीच्या अक्षय ऊर्जा कायद्यात २०२१ पासून पवनचक्कीच्या अडीच किलोमीटर परिघातील ग्रामपालिकांना युनिटमागे ०.२ सेंट देण्याची सोय आहे. स्कॉटलंडमध्ये जमिनीवरील पवनप्रकल्पांनी दर मेगावॉटमागे वर्षाला ५,००० पौंड स्थानिक निधीला द्यावेत, असा संकेत रूढ आहे. तारांच्या बाबतीत ब्रिटिश सरकारने मार्च २०२५ मध्ये अधिक स्पष्ट पाऊल टाकले: नव्या मनोऱ्यांपासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या कुटुंबांना दहा वर्षांत एकूण २,५०० पौंडांपर्यंत वीजबिलात सवलत, आणि वाहिनीच्या दर किलोमीटरमागे सुमारे दोन लक्ष पौंडांचा सामुदायिक निधी. येथे घराची मालकी विचारात घेतलेली नाही. भाडेकरूही सवलतीस पात्र आहे.

डेन्मार्कने वेगळा मार्ग धरला. कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली उभा राहिलेला मिडलग्रुंडेनचा ४० मेगावॉटचा पवनप्रकल्प निम्मा शहराच्या वीजसंस्थेचा आणि निम्मा हजारो सभासदांच्या सहकारी संस्थेचा होता. पुढे पवनप्रकल्पाचे किमान २० टक्के भाग परिसरातील रहिवाशांना देऊ करण्याचे बंधन कायद्याने घातले. ते २०२० मध्ये काढून त्याऐवजी शेजाऱ्यांना थेट वार्षिक रक्कम देण्याची पद्धत आली. भाग विकत घेण्याच्या हक्काचा उपयोग ज्याच्या गाठीला पैसा आहे त्यालाच होतो, हे लक्षात घेता हा बदल भारतीय वाचकाला विचार करावयास लावणारा आहे.

गावाची वीज, मालक कोण?

महाराष्ट्रात या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रयोग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आहे. २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. गावालगतच्या उपकेंद्राजवळ काही मेगावॉटचा सौरप्रकल्प उभारून शेतीपंपांच्या फीडरला दिवसा वीज द्यावी, अशी ही योजना आहे. रात्री-अपरात्री दारे धरायला जाणाऱ्या, साप आणि बिबट्या यांच्या धास्तीत पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे हे केवढे सुख आहे, हे शहरातील वाचकाला सांगून कळणार नाही. शिवाय वीज जेथे तयार होते तेथेच वापरली गेली तर वहनातील गळती वाचते आणि लांबच्या वाहिन्यांवरील ताणही तेवढा हलका होतो. या योजनेचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु येथेही वाट्याचा हिशेब मांडून पाहावा. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाखांप्रमाणे तीन वर्षे, म्हणजे एकूण पंधरा लाख रुपये अनुदान आहे. तीन मेगावॉटचा प्रकल्प ढोबळ मानाने वर्षाला ४५ ते ५० लाख युनिटे निर्माण करतो. युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर धरला, तर त्याचे वार्षिक उत्पन्न दीड कोटीच्या घरात जाते आणि पंचवीस वर्षांत ते पस्तीस कोटींच्या आसपास पोहोचते. त्यात गावाचे पंधरा लाख अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतात, आणि चौथ्या वर्षापासून तेही थांबतात. याउलट युनिटमागे केवळ पाच पैसे ग्रामपंचायतीकडे जमा झाले, तर वर्षाला सव्वादोन ते अडीच लाख रुपये प्रकल्पाच्या अखेरपर्यंत येत राहतील. एकूण रक्कम साठ लाखांच्या आसपास जाईल. एकरकमी अनुदानातून सभामंडप उभा राहतो. दरवर्षी येणाऱ्या उत्पन्नातून पाणीपुरवठ्याचे वीजबिल भागते, शाळेची दुरुस्ती होते आणि प्रकल्प नीट चालावा यात गावाचा स्वार्थही निर्माण होतो.

मालकी सर्वस्वी गावाचीच असावी, असा आग्रह काही जण धरतात. सहकाराची परंपरा असलेल्या या राज्यात तो स्वाभाविक आहे. पण येथे अनुभवही गाठीशी आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाने देशात पाच ठिकाणी ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा प्रयोग केला. महाराष्ट्रात श्रीरामपूर परिसरातील मुळा-प्रवरा संस्था त्यातून उभी राहिली. कित्येक वर्षे तिने वीज वाटली. मात्र स्वस्त शेतीदर, अपुरी वसुली आणि मंडळाकडून घेतलेल्या विजेच्या थकबाकीचा वाद यांत ती अडकत गेली आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपून वितरण महावितरणकडे गेले. त्याच पिढीतील कर्नाटकातील हुक्केरीची संस्था मात्र आजही उभी आहे. सहकार हा आपोआप यशस्वी होणारा मंत्र नव्हे, आणि आपोआप बुडणारा धंदाही नव्हे, एवढाच याचा अर्थ. मुळा-प्रवरेला वीज विकत घेऊन वाटावी लागे. आजच्या सौरप्रकल्पाला वीज निर्माण करून निश्चित दराने महावितरणला विकावयाची असते. हे काम तुलनेने सोपे आहे. एखाद्या सक्षम विकास सोसायटीने किंवा दूध संघाने यात भागीदारी मागितली, तर तिला निविदेच्या अटींनी बाहेर ठेवू नये.

आक्षेपांचा विचार

गावाला वाटा देण्याविरुद्ध प्रमुख आक्षेप खर्चाचा आहे. प्रत्येक गावाला पैसे वाटत बसले तर वीज महागेल, असे म्हटले जाते. पारेषण विस्ताराच्या ९ लाख १५ हजार कोटींचा एक टक्का सामुदायिक निधीसाठी काढला, तर दहा वर्षांत ९,१५० कोटी, म्हणजे वर्षाला ९१५ कोटी रुपये होतात. देशाचा वार्षिक वीजवापर दीड लाख कोटी युनिटांहून अधिक आहे. त्यावर हा भार युनिटमागे जेमतेम अर्ध्या पैशाहून थोडा अधिक पडेल. जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर व पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्कात पूर्ण सूट होती. आता ती टप्प्याटप्प्याने कमी होत आहे. त्या सुटीचा भार अन्य वीजग्राहकांनी सोसला आणि राष्ट्रहितासाठी तो योग्यही मानला गेला. विकासकासाठी जे परवडते ते गावासाठी परवडत नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही.

दुसरा आक्षेप असा, की वाट्याची भाषा सुरू झाली की अडवणूक वाढेल. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. उघड, कायदेशीर वाटा नसतो तेथे चोरटा वाटा जन्म घेतो. कोणाला ठेका, कोणाला वाहनांचे कंत्राट, कोणाला रोख रक्कम, असे सौदे चालतात. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात एका सरपंचाची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड आल्याने ती झाली, असा तपास यंत्रणेचा आरोप असून खटला न्यायालयात आहे. निकाल काहीही लागो. निर्जन माळावर अचानक येणाऱ्या शेकडो कोटींच्या भांडवलाभोवती कसल्या शक्ती जमू शकतात, याचा तो भयंकर इशारा आहे. गावाचा हक्क नियमाने ठरलेला, आकडा फलकावर लिहिलेला आणि रक्कम ग्रामसभेपुढे येणारी असेल, तर दलालाला उभे राहावयास जागा उरत नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. निधी म्हणजे विरोध विकत घेण्याचे साधन ठरेल, ही भीती अनाठायी नाही. मार्ग आधी ठरवावयाचा, मग पैशाने तोंड बंद करावयाचे, हे लोकशाहीला शोभणारे नाही. खनिज प्रतिष्ठानांचा पैसाही खाणींच्या गावांऐवजी दूरच्या कामांवर खर्च झाल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या आहेत. यास्तव निधीची चर्चा मार्गाच्या चर्चेची जागा घेऊ शकत नाही. मनोरे कोठून जावेत, बागायत वा वस्ती टाळून माळावरून वाहिनी नेता येईल काय, जुन्या वाहिनीच्याच पट्ट्यात क्षमता वाढवता येईल काय, हे प्रश्न नकाशा अंतिम होण्यापूर्वी ग्रामसभेपुढे आले पाहिजेत. पोलिसांच्या बंदोबस्तात खड्डे खणण्याचा दिवस ही चर्चेची वेळ नव्हे.

तेव्हा करावयाचे ते फारसे अवघड नाही. केंद्राच्या २०२४ च्या भरपाई तत्त्वांना कायद्याचे बळ द्यावे. वाटेकरी व मजूर यांचा त्यात समावेश करावा. पारेषण प्रकल्पाच्या खर्चातच सामुदायिक निधीचा ठरावीक अंश धरावा आणि वीज नियामक आयोगांनी तो मान्य खर्च समजावा. सौर व पवन प्रकल्पांकडून ग्रामपंचायतीला युनिटमागे ठरावीक पैसे प्रकल्पाच्या आयुष्यभर मिळावेत. आणि ज्या गावावरून अतिउच्चदाब वाहिनी जाते, त्या गावाच्या शेती फीडरला दिवसा वीज देण्याचे काम प्राधान्याने हाती घ्यावे.

यातील शेवटची गोष्ट कदाचित सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक ठरेल. आपल्या डोक्यावरून जाणारी वीज आपल्याही मोटारीला दिवसा मिळते, असा अनुभव आलेला शेतकरी मनोऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहील. देशाला येत्या सहा-सात वर्षांत दीड लाखाहून अधिक सर्किट किलोमीटरची वाट खेड्यांतून काढावयाची आहे. ती वाट १८८५ च्या अधिकाराने काढावयाची, की गावाला वाटेकरी करून, याचा निर्णय पहिल्या मनोऱ्याचा खड्डा पडण्यापूर्वी झाला पाहिजे.